धरण 'शून्य टक्के', तरी नळाला पाणी कसं? – माहितीची मांडणी आणि आपण

गोदाकाठचा :

उन्हाळा लागला की पेपरात रोज एक चौकट येते. धरणाचं नाव आणि पुढं टक्के. समजा, आपलं जायकवाडी ४०, लातूरचं मांजरा ९०, उजनी उणे २०. चौकात चहा पिता पिता लोक ती वाचतात आणि तिथंच निकाल लावून मोकळे होतात : "लातूरवाल्यांची चंगळ आहे बघा, मरण आपलंच."

आता हिशेब बघा. मांजराचा उपयुक्त साठा (कालव्यात सोडता येतं तेवढं पाणी) सुमारे १७७ दलघमी (दशलक्ष घनमीटर), म्हणजे सव्वासहा टीएमसी (अब्ज घनफूट). जायकवाडीचा २१७१ दलघमी, म्हणजे साडेशहात्तर टीएमसीच्या वर. जायकवाडीतले ४० टक्के म्हणजे तीस टीएमसी झाले. काठोकाठ भरलेल्या मांजराच्या जवळपास पाचपट! पण चौकटीत ९० मोठा दिसतो आणि ४० लहान. आकडे खरे, छपाई चोख, तरी वाचणाऱ्याच्या डोक्यात उतरतं ते साफ उलटं.

उजनीचं तर विचारूच नका. तिथं मृतसाठाच, म्हणजे कालव्याच्या तोंडाखालचं पाणीच, ६३ टीएमसीच्या वर आहे. उजनी 'शून्य टक्के' झालं त्या दिवशीही त्यात जायकवाडीच्या पूर्ण उपयुक्त साठ्याच्या ऐंशी टक्क्यांहून जास्त पाणी असतं. धाराशिव शहराला तिथूनच पाणी येतं, त्यामुळं 'उणे' वाचून धसका घेणारे आपल्या भागातही आहेत. तेच धरण पावसाळ्यात १११ टक्के भरतं. उण्यात सुरू होऊन एकशे अकरावर संपणारी टक्केवारी शाळेत कोणत्या गुरुजींनी शिकवली होती?

मी डीटीपी आणि फ्लेक्सच्या धंद्यातला. आमच्याकडं डिझाइन म्हटलं की गिऱ्हाईक म्हणतं, "जरा झगमग करा, कोपऱ्यात साहेबांचा फोटो टाका." माझी कसोटी वेगळी आहे. एखादा कागद, पाटी नाहीतर मोबाइलची स्क्रीन बघितल्यावर माणसाला दुसऱ्या कोणाला विचारावं लागतं का? लागत असेल तर कोणाला, आणि तो त्याचे किती घेतो? कोणत्याही तालुक्याच्या गावी तहसीलसमोर ऑनलाइन सेंटरांची जी रांग आहे ती मला तरी वाईट मांडणीवर उभी असलेली दिसते.

तुमच्याकडचे नमुने टाका. चांगलेही टाका, नुसतं रडगाणं नको.

कालवा_निवृत्त :

हिशेब बरोबर आहे. तरी खात्याच्या बाजूनं थोडं ऐका.

टक्का उपयुक्त साठ्यावर काढतात, कारण कालव्याचं आवर्तन त्यातूनच सुटतं. पाणी कालव्याच्या तोंडाखाली गेलं की बागायतदारापुरतं धरण संपलं. नियमांनाही हाच टक्का लागतो. गोदावरी खोऱ्यात समान पाणीवाटपासाठी नेमलेल्या मेंढेगिरी समितीच्या सूत्राप्रमाणे १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असला तर वरच्या नगर-नाशिककडच्या धरणांतून पाणी सोडायचं. त्यावरून तूट पडली की कोर्टकचेऱ्या होतात. तेव्हा हा आकडा कार्यालयाच्या कामासाठी जन्मला आणि कामाला चोख आहे. भानगड झाली ती तो जसाच्या तसा पेपरात गेला तेव्हा.

पिण्याच्या पाण्याचं गणित निराळं. जायकवाडीच्या मृतसाठ्यात ७३८ दलघमी पाणी असतं, सव्वीस टीएमसी. ते उपसून शहराला देता येतं. २०१६ च्या उन्हाळ्यात जायकवाडी आणि मांजरा दोन्हींचा उपयुक्त साठा शून्यावर आला होता. एका शून्याखाली पाणी होतं, दुसऱ्याखाली चिखल. म्हणून मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिली गाडी १२ एप्रिलला पोचली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर.

दोन्ही शून्यं कागदावर मात्र सारखीच गोल.

बालाघाटवरून :

+१. शून्याचं भारी सांगितलं सर.

सेंटरवाला_अंबड :

आम्हाला शिव्या देऊन झाल्या असतील तर आमचंही ऐका मालक.

सेंटर काय हौसेनं टाकलं नाही. डिजिटल सहीचा सातबारा साइटवर १५ रुपयांत निघतो, हौ, खरंय. आम्ही वरून घेतो ते प्रिंटचे, लाइटचे आन् डोकं खर्चायचे. आधारचा ओटीपी लागणाऱ्या कामांत होतं काय सांगतो. बाबा येतेत, गट नंबर तोंडपाठ. मोबाइल नंबर विचारला की खिशातून चिठ्ठी निघते. आधारला जोडलेला नंबर पोराचा, पोरगं चाकणला कंपनीत, शिफ्टला फोन बाहेर ठेवून आत जायचं. ओटीपी तिकडं वाजतो, मुदत इकडं संपते. मग संध्याकाळी या. संध्याकाळी साइट गोल गोल फिरायली.

ऊसतोडीला गेलेल्याचं तर बोलायलाच नको. माणूस कारखान्यावर कोपीत (झोपडीत), आन् पीकपाहणीचं अ‍ॅप म्हणतंय शेताच्या हद्दीत उभं राहून पिकाचा फोटो काढा. हे अ‍ॅप ज्यानं केलं त्याच्या डोळ्यापुढं शेतकरी म्हणजे कायम बांधावरच उभा असलेला.

एका योजनेच्या केवायसीत रकाना आला, पती किंवा वडील यांचा आधार क्रमांक. एक मावशी आल्या. नवरा वारलेला, बाप तर कधीचाच गेलेला. रकाना भरल्याबगर पान पुढं सरकत नाही. मावशी मलाच विचारायल्या, "कोणाचा टाकू रे बाबा?" आता ह्याला मी काय उत्तर देऊ?

त्या दिवशी पैसे घेतले नाहीत. पर काम झालंच नाही तर घेणार कशाचे म्हणा.

शंकासुर :

धागा वाचतोय, पण मला पटत नाही. प्रत्येक गोष्टीत डिझाइनचं कौतुक आणि डिझाइनचाच दोष. मूळ दुखणं शिक्षणाचं आहे. टक्के कशाचे हे विचारायची सवय लावा, फॉर्म वाचायला शिकवा. आमच्या वडिलांनी पोस्टाचे, बँकेचे, भूविकासचे सगळे फॉर्म स्वतः भरले, कोणत्या डिझाइनरनं त्यांचा हात धरला नव्हता. लोकांना सोपं सोपं करून देत राहिलात तर ते कधीच शिकणार नाहीत.

जिंतूरची_पुण्यात :

शंकासुर, नमस्कार. स्क्रीन आखणं हेच माझं पोटापाण्याचं काम, तेव्हा राहवलं नाही.

सेंटरवाले दादा म्हणाले ते शंभर टक्के खरं आहे, आणि ते कुठून येतं तेही सांगते. बैठकीत आम्ही बसतो तेव्हा एक माणूस, एक फोन, एक नंबर हे कोणी म्हणतही नाही, धरूनच चालतात. आपल्याकडं फोन घराचा असतो. सकाळी वडिलांच्या खिशात, दुपारी भावाकडं, रात्री पोरांच्या हातात. चाचणी होते ती ऑफिसच्या वायफायवर, आमच्यासारख्याच चार जणांवर. तिथं ओटीपी चार सेकंदात येतो, मग मुदत कमी ठेवली तर कोणाचं काय बिघडतं?

चूक झाल्यावर स्क्रीन काय बोलते तेही बघा. बहुतेक ठिकाणी लाल अक्षरात 'अवैध माहिती' एवढंच. कुठली माहिती? काय अवैध? 'आधारवर नाव पंढरी आहे, इथं पंढरीनाथ लिहिलंय, दोन्ही सारखं हवं' असं म्हटलं असतं तर माणसानं जागेवर दुरुस्त केलं असतं. हे लिहायला फार अक्कल लागत नाही. पण ते वाक्य लिहिण्याचं काम कोणालाच दिलेलं नसतं, प्रोग्रामरनं घाईत टाकलेलं तेच शेवटपर्यंत राहतं.

आता चांगलं. गेल्या दहा वर्षांत माझ्या मते सगळ्यात हुशार वस्तू कोणती, तर टपरीवरचा बोलणारा डबा. 'चाळीस रुपये प्राप्त झाले.' भजी तळणाऱ्या बाईचे हात पिठाचे, डोळे कढईत, फोन आत चार्जिंगला. स्क्रीन बघायची गरजच काढून टाकली. वर गिऱ्हाइकानं खोटा स्क्रीनशॉट दाखवून फसवायची वाटही बरीचशी बंद झाली.

आणि शिक्षणाबद्दल. यूपीआय २०१६ मध्ये आलं, त्यात समोरच्याकडं पैसे मागायची एक सोय होती. भामट्यांनी तिचा धंदा केला. "तुमच्या खात्यात पैसे पाठवतोय, फक्त पिन टाका." पिन टाकला की पैसे जायचे. पैसे घ्यायला पिन लागत नाही, असं बँकांनी वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडून सांगितलं, एसएमएस पाठवले. तरी लोक फसतच राहिले, त्यात पदवीधर होते, निवृत्त अधिकारी होते. शेवटी यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीनं दुसऱ्या व्यक्तीकडं अशी मागणी पाठवायची सोयच बंद केली. आता सांगा, कशानं जास्त माणसं वाचली असतील, त्या एसएमएसनी की काढून टाकलेल्या बटणानं?

शंकासुर :

ताई, बटण काढणं हा उपाय झाला, मान्य. पण सगळीच बटणं काढता येत नाहीत.

कृषिसेवा_वसमत :

सगळीच काढता येत नाहीत, बरोबर. मग निदान रंग तरी नीट द्या. माझं खता-औषधाचं दुकान आहे, रोजचं उदाहरण देतो.

कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर चौकट असते, कोनावर उभी केलेली. वरच्या अर्ध्यात इशारा, खालच्या अर्ध्या त्रिकोणात रंग. लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यात कमी. १९७१ च्या कीटकनाशक नियमांपासून ही पद्धत आहे. कागदावर झकास वाटते. आता काउंटरच्या अलीकडं या.

पहिलं, हिरवा. आपल्याकडं हिरवा म्हणजे चांगलं, शेतीचं, बिस्किटाच्या पुड्यावर शाकाहारी. विषाच्या डब्यावर तोच रंग लावला की माणूस समजतो ह्यात विष नाहीच. हातमोजे राहिले बाजूला, लोक तोंडाला रुमालही बांधत नाहीत. हिरव्याचा अर्थ 'त्यातल्या त्यात कमी' एवढाच आहे, हे त्रिकोण सांगत नाही, मलाच सांगावं लागतं.

दुसरं, लाल. लाल बघून माणूस घाबरेल अशी अपेक्षा. माझ्याकडं येणारा म्हणतो, "लालवालं द्या, कडक पाहिजे, अळी हलंना." बोंडअळीनं पिचलेला माणूस आहे तो, त्याला धोक्याचा रंग ताकदीचा रंग दिसतो. ह्यात त्याच्या शिक्षणाचा प्रश्न कुठं आला शंकासुरजी? बीएस्सी अ‍ॅग्री झालेली पोरंही हेच मागतात.

तिसरं कोणी बोलत नाही. खालच्या चारही त्रिकोणांचा आकार एकच, तिथं फरक फक्त रंगाचा. ज्याला लाल-हिरवा वेगळा दिसत नाही त्यानं त्यावरून काय ओळखायचं? खाण्याच्या पाकिटावर मांसाहाराचा तपकिरी गोल होता, तो ह्याच कारणासाठी बदलून त्रिकोण केला. जे अंड्याच्या बिस्किटाला सुचलं ते विषाच्या डब्याला अजून नाही.

आणि आतलं ते माहितीपत्रक! घडीवर घडी, सगळ्या भाषांत, अक्षर मुंगीएवढं. चष्मा लावूनही मला वाचता येत नाही. २०१७ मध्ये यवतमाळकडं फवारणीत विषबाधा होऊन २० हून जास्त शेतकरी-मजूर दगावले. त्याची कारणं पुष्कळ होती, सगळं डब्यावर ढकलणार नाही. पण फवारणारा मजूर डबा बघतच नाही, त्याच्या हातात येतो तो कालवलेला पंप. त्याच्यापर्यंत रंगही पोचत नाही आणि पत्रकही नाही. ज्याच्या अंगावर विष उडणार त्याच्यासाठी ह्या सगळ्यात एक अक्षर लिहिलेलं नाही.

मी स्वतः काय करतो तर बिलाच्या मागं मार्करनं लिहून देतो, एका पंपाला किती झाकणं. मिली लिहीत नाही. झाकण सगळ्यांना कळतं.

जिंतूरची_पुण्यात :

झाकण!! दादा, हे आमच्या ऑफिसात सांगणार आहे.

कालवा_निवृत्त :

पण झाकणांचे आकार कंपनीगणिक वेगळे असतात. ते कसं सांभाळता?

कृषिसेवा_वसमत :

त्याच डब्याचं झाकण, साहेब. डबा बदलला की चिठ्ठी बदलते. प्रत्येकाचं मापून ठेवलंय.

मोंढ्यातला :

कोणाकडं तोंड करून मांडायचं हाही डिझाइनचाच भाग ना? मग मोंढ्यात या.

इलेक्ट्रॉनिक काटा आला तेव्हा लोक खूश झाले, आता मापाड्याची हातचलाखी संपली म्हणून. आकडा मात्र आडत्याच्या बाजूला. नियमाप्रमाणं तो गिऱ्हाइकालाही दिसला पाहिजे. दुसऱ्या बाजूनंही आकडा दाखवणारे काटे मिळतात, बऱ्याच ठिकाणी आहेतही. पण मागच्या डिस्प्लेपुढं पोत्याची थप्पी लागलेली असते, आणि ती नेमकी तिथंच का लागते ह्यावर मी काही बोलणार नाही.

ओलाव्याचं यंत्र त्याहून बेरकी. सोयाबीनच्या हमीभाव खरेदीला १२ टक्के ओलाव्याची अट असते, २०२४ च्या हंगामात ती १५ पर्यंत सैल केली होती. एका टक्क्यावर माल परत जायचा की घ्यायचा हे ठरतं. यंत्र मूठभर दाणे घेतं, एक आकडा दाखवतं, बोट उचललं की आकडा गेला. कागद नाही, नोंद नाही. मूठ पोत्याच्या तोंडाची का तळाची, तेही घेणाऱ्याच्या हातात. शेतकऱ्याला कळतो तो फक्त निकाल. ह्याच यंत्राला दहा रुपयांची चिठ्ठी छापायची सोय लावली असती तर भांडायला निदान काहीतरी हातात राहिलं असतं.

तेव्हा मांडणी वाईट असते ती दरवेळी चुकून असते असं समजू नका. काही मांडण्या कोणाच्या तरी सोयीच्या असतात.

सेंटरवाला_अंबड :

हे एकदम बराबर बोललात भाऊ.

बालाघाटवरून :

चांगल्या नमुन्यांचा दुष्काळ पडलाय धाग्यावर, म्हणून एक माझ्याकडून. मी शिक्षक, निवडणुकीची ड्युटी पाचवीला पुजलेली. मतदान यंत्राच्या राजकारणात पडायचं नाही, फक्त मांडणी बघा.

१९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत, तेव्हा आपण हैदराबाद राज्यात होतो, प्रत्येक उमेदवाराची पेटीच वेगळी असायची. पेटीवर चिन्ह. वाचता येत नसलेल्या माणसानं आपल्या चिन्हाच्या पेटीत चिठ्ठी टाकायची, शिक्का नाही, सही नाही. मतदारांत बहुसंख्य निरक्षर, हे धरूनच सगळं रचलं होतं. आधी शिका आणि मग मत द्या, असं कोणी म्हटलं नाही, शंकासुरजी. पुढं एकाच मतपत्रिकेवर शिक्का आला, मग यंत्र.

यंत्राचं बाह्यरूप आखण्यात आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरच्या प्राध्यापकांचा हात होता. एका ओळीत नाव, चिन्ह, आता फोटो आणि त्याच ओळीत निळं बटण. दाबलं की लाल दिवा, लांब बीप, आणि कागदी चिठ्ठी सात सेकंद काचेतून दिसते. आडोशाबाहेर बसलेल्या एजंटालाही आवाजावरून कळतं की मत पडलं. डोळ्यांनी न दिसणाऱ्यांसाठी ब्रेल आकडे. ऐंशी वर्षांच्या आजी येतात, कोणाला काही विचारत नाहीत, बाहेर येऊन शाई दाखवतात. गोदाकाठच्या साहेबांच्या कसोटीला मला तरी ह्याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

उणीव एवढीच, एका युनिटवर १६ नावं बसतात. उमेदवार वाढले की शेजारी दुसरं युनिट, तिसरं युनिट, आणि मग आजी थबकतात.

गोदाकाठचा :

वा! धागा काढल्याचं सार्थक झालं.

माझ्या धंद्यातलं एक राहिलंच. सरकारी आणि सहकारी कागदांचे कित्येक जुने पीडीएफ श्री-लिपी, सुरेख असल्या जुन्या फॉन्टांत आहेत. डोळ्याला मराठी दिसतं, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची खिचडी. गावाचं नाव टाकून शोधलं तर सापडत नाही. आदेश साइटवर टाकला म्हणजे माहिती खुली झाली असं म्हणतात, पण शोधता न येणारी माहिती कपाटातल्या फायलीइतकीच बंद. आता युनिकोड आहे, र. कृ. जोशींनी मंगल फॉन्ट करून ठेवलाय, 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्त' फॉन्ट फुकट मिळतो. तरी सवय जात नाही.

मध्यस्थाची परंपरा आपल्याकडं तशी जुनीच म्हणा. आजोबांच्या पिढीत निजामकाळातला कागद निघाला की उर्दू वाचणारा शोधायचा, मोडीतला निघाला की मोडीवाला. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीच्या वेळी कुणबी नोंदी शोधायला ह्याच जाणकारांचा भाव एकदम वधारला. पण तिथं लिपीच गेलेली होती. आजचा कागद तर रोजच्या मराठीत आहे, आणि तरी त्याला वाचणारा लागतो.

शंकासुर :

विषाच्या त्रिकोणाचं आणि मतपेट्यांचं पटलं. धरणाच्या टक्क्यांचं अजून नाही. वाचकानं एवढं समजून घ्यायलाच पाहिजे, सगळंच घास करून भरवता येत नाही. बरं, तुम्ही कशी छापाल ती चौकट? करून दाखवा.

गोदाकाठचा :

घ्या. टक्के काढून टाकायचे नाहीत, कालवा_निवृत्त साहेबांना ते लागतात. प्रत्येक धरणापुढं एक उभी पट्टी, सगळ्या पट्ट्या एकाच मापावर काढलेल्या. त्यामुळं मांजराची पट्टी जायकवाडीच्या पायाशी बोटभर दिसेल. खालचा मृतसाठा राखाडी, वरचा निळा, मध्ये रेघ आणि रेघेवर लिहायचं 'इथून खाली कालवा बंद'. उणे हा शब्दच बाद. शेजारी आकडा टीएमसीत.

कालवा_निवृत्त :

चांगलं आहे, पण दोन अडचणी. एकाच मापावर काढलंत तर सिद्धेश्वर, माजलगाव सगळीच जायकवाडीपुढं बुटकी दिसतील, आणि ज्याला फक्त आपल्या धरणाचं बघायचंय त्याला कालचा-आजचा फरकच कळणार नाही. दुसरं, राखाडीतलं सगळं पाणी उपसता येत नाही. गाळ आहे, खाली उपसा पोचत नाही, शिवाय जायकवाडी उथळ, बाष्पीभवन जबर. पूर्ण राखाडी दाखवलंत तर लोक निर्धास्त होतील. गाळाचा भाग वेगळ्या रेघांनी दाखवा आणि मागच्या वर्षी ह्याच तारखेची पातळी एका ठिपक्यानं.

जिंतूरची_पुण्यात :

मग दोन चित्रं करा. मोठं आपल्या धरणाचं, मागच्या वर्षीच्या ठिपक्यासकट. खाली छोटं, सगळ्यांच्या तुलनेचं. आणि पेपर काळापांढरा असतो हे विसरू नका, निळा-राखाडी एकच दिसेल. रेघांचा पोत वेगळा ठेवा.

गोदाकाठचा :

बरोबर, रंगाच्या भरवशावर राहायचं नाही, वसमतच्या दादांनी आत्ताच सांगितलंय. रविवारी बसतो आणि टाकतो इथं. साहेब, गाळाचा ताजा आकडा कुठं मिळेल?

कालवा_निवृत्त :

व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. अहवाल आहे माझ्याकडं, पण पीडीएफ जुन्या फॉन्टातलं आहे.

सेंटरवाला_अंबड :

आमच्याकडं पाठवा साहेब, युनिकोड करून देऊ. पानाला दहा रुपये.